पुढे बघू

माझा मोठा भाऊ मिठाच्या पडावावर पडला तेव्हा मी मुंबईत मेडिकल कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होतो. आमचं गाव उरणजवळ, द्रोणागिरीच्या पायथ्याला. एका अंगाला डोंगर, दुसऱ्या अंगाला थेट खाडीपर्यंत मिठागरं. घरात वडील, आई, दादूस आणि मी. वडील आणि दादूस मिठागरावर राबायचे. मीठ तयार झालं की ते टोपल्यांनी डोक्यावरून वाहायचं आणि खाडीत लागलेल्या पडावात, म्हणजे मालवाहू होडीत, ओतायचं. बांधावरून पडावाच्या काठावर एक फळी टाकलेली असे, जेमतेम हातभर रुंद. त्या फळीवरून दादूस पंधराव्या वर्षापासून चालत होता. त्या दिवशी ओहोटी लागली, पडाव खाली बसला आणि फळी तिरकी झाली. भरली टोपली डोक्यावर घेऊन तो पाठीवर कोसळला, तो नेमका पडावाच्या काठावर.

त्याच पडावात, मिठावर गोणपाट अंथरून, त्याला मुंबईला आणलं. वडील हॉस्टेलच्या फाटकाशी येऊन उभे राहिले तेव्हा त्यांच्या पोटऱ्यांवर मीठ वाळलेलं होतं. त्यांनी इतकंच सांगितलं की दादूसचे पाय बोलत नाहीत.

आमच्या हॉस्पिटलात मेंदू आणि मणक्यांच्या शस्त्रक्रियेचा विभाग नुकताच निघाला होता. बारा खाटा आणि परदेशात शिकून आलेले एक सर्जन, एवढाच तो विभाग. सगळे त्यांना साहेब म्हणत. साहेबांनी एक्स-रे उजेडासमोर धरून पाहिला. मग दादूसच्या पायांना टाचणी टोचली, तळव्यावरून किल्ली ओढली. दादूस छताकडे बघत होता, त्याला काहीच जाणवत नव्हतं. साहेबांना मराठी जेमतेम येई, आमची बोली तर मुळीच नाही. ते माझ्याकडे वळून इंग्रजीत म्हणाले, हा आता कधीच चालणार नाही, हे त्यांना सांग.

खाटेच्या पायथ्याशी वडील, उशाशी आई. मी खाली बघून सांगितलं, "नस दुखावली हाय. आता ऑपरेशन करता येनार नाय. जरा वेल लागंल. पुढं बघू."

साहेबांनी विचारलं, सांगितलंस? मी मान हलवली. ते पुढच्या खाटेकडे गेले.

मी हे ठरवून केलं नव्हतं. वीस वर्षांचा होतो, आणि आईच्या तोंडाकडे बघत खरं सांगायची ताकद माझ्यात नव्हती. वाटलं, आजचा दिवस जाऊ दे, उद्या सांगू. पण आईने त्या चार वाक्यांतलं शेवटचं तेवढं उचललं आणि पदराला गाठ मारावी तसं जपून ठेवलं.

दादूस तीन महिने वॉर्डात होता. त्या काळात वॉर्डातल्या सिस्टरने मला जे शिकवलं ते कुठल्या पुस्तकात नव्हतं. दर दोन तासांनी कूस बदलायची, टाचा, कुल्ले, खांदे रोज उजेडात तपासायचे, लघवीची नळी कशी उकळायची, कशी घालायची. मी ते आईला शिकवलं. निरक्षर बाई, पण हात असा की सिस्टर म्हणाली, हिला इथेच ठेवून घ्यावंसं वाटतं. मग दादूसला लाँचमधून मोरा बंदराला आणि तिथून टांग्याने गावाला नेलं.

घरात खिडकीशी त्याच्यासाठी फळ्यांचा पलंग केला. आईला घड्याळ कळत नसे. अंगणातल्या उन्हावरून आणि खाडीच्या पाण्यावरून ती वेळ ओळखी आणि येऊन त्याला वळवी. तिने द्रोणागिरीच्या देवीला बोलून ठेवलं होतं की पोरगा उभा राहिला की तो स्वतःच्या पायांनी डोंगर चढून येईल. दादूस जाळी विणायला शिकला. जवळच्या करंजा गावचे कोळी सूत आणून देत, तो पडल्यापडल्या विणी. मी रविवारी जाई तेव्हा तो माझ्याशी सगळ्यावर बोले. मिठाच्या पिकावर, मुंबईतल्या खाणावळीच्या जेवणावर, गावातल्या भांडणांवर. पायांबद्दल मात्र कधी अक्षर काढत नसे. मला ते बरंच वाटे.

वडिलांनी मात्र गावभर सांगितलं होतं की धाकटा तीच विद्या शिकतोय, तोच भावाला उभा करणार. आमच्या गावातून मुंबईला डॉक्टर व्हायला गेलेला मी पहिलाच. परीक्षा पास झालो की लोक मार्क विचारत नसत. विचारत, अजून किती वर्षं?

मला खरं तर उरणला दवाखाना काढायचा होता. बाजाराच्या मागे एक जागाही मी मनात धरली होती. पुढे ओटा, आत दोन खोल्या, मागे विहीर. ताप, खरूज, बाळंतपणं, मिठागरावरच्या माणसांचे चिघळलेले पाय. तेवढं काम मला पुरलं असतं. डॉक्टर झालो त्या उन्हाळ्यात मी वडिलांजवळ विषय काढला. ते जेवत होते. त्यांनी घास खाली ठेवला.

"उरनला डागतर कोनीबी येल," ते म्हणाले. "दादूसला कोन उबा करील?"

आतल्या खोलीत दादूस जागा होता. तिथून आवाज आला नाही. मी त्या क्षणी सांगायला हवं होतं. त्याऐवजी मुंबईला परत गेलो, सामान्य शस्त्रक्रियेची उमेदवारी केली आणि मग साहेबांच्या दाराशी जाऊन उभा राहिलो. या विभागात कुणी मुलं यायला तयार नसत, कारण आमचे पेशंट मरत. त्यांनी मला का यायचंय हे विचारलंही नाही. उद्यापासून ये, म्हणाले.

ती वर्षं मी एका खोलीत काढली असं मला आज वाटतं. थिएटरला खिडकी नव्हती. सकाळी आत गेलो की बाहेर ऊन आहे की पाऊस ते संध्याकाळीच कळे. पहिली दोन वर्षं माझं काम म्हणजे पेशंटचं डोकं भादरायचं, आणि मग साहेबांच्या समोर उभं राहून चपटी पट्टी धरायची. मेंदू त्या पट्टीने हलकेच बाजूला धरायचा असतो. किती हलकेच, ते शब्दांत सांगता येत नाही. पाच-पाच, सहा-सहा तास. हात हलला तर साहेब ओरडत नसत, नुसते थांबत. ते थांबणं ओरडण्यापेक्षा वाईट असे. गाठ मेंदूत नेमकी कुठे आहे ते बाहेरून दिसायचं साधन नव्हतं. डोक्याला दोन भोकं पाडून आत हवा भरायची, एक्स-रे काढायचा आणि हवेची सावली कुठे सरकली आहे त्यावरून अंदाज बांधायचा. हवा भरल्यावर पेशंटचं डोकं असं दुखे की मोठमोठे बाप्ये लहान मुलासारखे रडत. मग ऑपरेशन. त्यातले बरेच जात. जे वाचत त्यातले काही बायकोला ओळखत नसत.

मी वाईट शिकाऊ नव्हतो. माझा हात स्थिर होता. साहेब ते बघत होते आणि मला हळूहळू जास्त काम देत होते. जितका मी त्या कामात मुरत गेलो तितकं बाहेर पडणं अवघड होत गेलं, आणि जितकं शिकत गेलो तितकं पक्कं कळत गेलं की तुटलेला मज्जारज्जू जगात कुणीही सांधू शकत नाही. साहेब नाही, साहेबांचे परदेशातले गुरू नाहीत, मी तर नाहीच. ज्या कारणासाठी मी तिथे होतो, ते कारणच त्या विद्येत नव्हतं.

विभागात वर्ष झालं असेल. एका सकाळी बाहेरच्या पेशंटांच्या रांगेत एक तरुण मुलगी केस पेपर हातात घेऊन बसलेली दिसली, शेजारी तिची मावशी. पाळी आली तेव्हा ती स्टुलावर बसली आणि मी ओळखलं. दादूस पडला त्याच्या आधीच्या महिन्यात शेजारच्या गावच्या मुलीशी त्याचा साखरपुडा झाला होता. तीच ही. तेव्हा सोळाची होती, आता बावीसची. माझ्या 'पुढं बघू'वर तिच्या घरचे आधी एक वर्ष थांबले, मग दोन, मग तिला स्थळं येणंच बंद झालं. भातकापणीला ती आमच्याकडे येई, आईच्या हाताखाली काम करी आणि दादूसच्या खोलीच्या उंबऱ्याशी बसून बोलून जाई.

मी सवयीने विचारलं, काय होतंय?

"मना काय नाय व्हत," ती म्हणाली. "मी इचारायला आयलंय. ते उठतील का नाय, येवढाच सांगा."

मागे रांग होती. कंपाउंडर दारात उभा होता. मी म्हणालो की शास्त्र पुढे जातंय, परदेशात प्रयोग चालू आहेत, नक्की कुणीच सांगू शकत नाही. एखाद्या परीक्षेत उत्तर न आल्यावर मुलगा लिहीत जातो तसा मी बोलत गेलो. ती ऐकत होती. मी थांबल्यावर तिने केस पेपरची चौघडी केली.

"म्हंजे नाय," ती म्हणाली.

जाताना तिने एकच गोष्ट सांगितली. तिला सोडून जाणारी व्हायचं नव्हतं, तेव्हा हे मी स्वतः घरी जाऊन सांगावं. मी हो म्हणालो. मावशीने जाताना मला नमस्कार केला, त्या नमस्काराने मला मान वर करवेना.

पुढचे तीन रविवार मी ड्यूटी मागून घेतली. चौथ्या रविवारी मात्र लाँच धरली. दुपारची वेळ होती, आई विहिरीवर गेली होती, वडील मिठागरावर. दादूस जाळं विणत होता. मी पलंगाशी बसलो आणि म्हणालो की तुला एक सांगायचंय. त्याने जाळं बाजूला ठेवलं.

"ती येऊन गेली ना?" तो म्हणाला. "मीच धाडली व्हती. मी सांगितला त तिला पटना. बोलली, तुमचा भाव डागतर हाय, तो सांगंल तवा."

मला आधी त्याचा अर्थच लागला नाही. मग मी विचारलं, तुला कधीपासून माहीत आहे?

"सायेब यकच वाक्य बोलला, बाला. तू चार बोललास. मना तवाच कलला."

खिडकीतून मिठागरावरची झळ आत येत होती. तो सहा वर्षं गप्प का राहिला, हे मी विचारलं तेव्हा माझा आवाज चढला होता. मी माझ्या दवाखान्याबद्दल बोललो, थिएटरबद्दल बोललो, त्याच्यासाठी मी तिथे आहे असं बोललो. बोलू नये ते सगळं बोललो. त्याने जाळं पुन्हा हातात घेतलं. मग हळू म्हणाला, "मी भ्यालो व्हतो. आये मना दिसातून धा येला वलवते. मी उठनार म्हनून वलवते. नाय उठनार असा कलला, त किती दिस वलवंल? तुझा दवाखाना माझ्यामुलं गेला, ठावं हाय मना."

आईने त्याला टाकलं नसतं, हे मला ठाऊक होतं. पण रात्रंदिवस त्या पलंगावर मी पडून नव्हतो.

आई कळशी घेऊन आली, तिने त्याला वळवलं, त्याच्या टाचा तपासल्या. आम्ही दोघे तिच्याकडे बघत राहिलो. आई म्हणाली, काय झालं तुमाला, असे काय बघताव?

संध्याकाळच्या लाँचच्या आधी मी मिठागरावर गेलो. वडील एका आगरात लाकडी फावड्याने मीठ ओढत होते. मी बांधावर उभा राहून सगळं सांगितलं. साहेब नेमकं काय म्हणाले होते, मी काय सांगितलं, आणि दादूसला सगळं माहीत आहे हेसुद्धा. त्यांनी फावडं थांबवलं नाही. मीठ कडेला आणून त्याचा ढीग केला, परत गेले, परत ओढत आणलं. तिसऱ्या खेपेला माझ्यासमोर थांबले. मला वाटलं, मारतील. मी तयार होतो.

"आयेला सांगू नको," ते म्हणाले.

मग म्हणाले, लाँच चुकेल, जा. मी निघालो. मागे वळून पाहिलं तर ते खाली बसले होते, गुडघ्यांत मान घालून, आणि फावडं पाण्यात पडलं होतं.

त्या मुलीचं लग्न पुढच्या वर्षी पेणकडे झालं. वडिलांनी स्वतः जाऊन तिच्या बापाला दिलेल्या शब्दातून मोकळं केलं. आईला सांगितलं की त्यांच्याकडूनच मोडलं, आणि आई त्या घराशी बोलेनाशी झाली. हा आणखी एक अन्याय त्या मुलीवर माझ्यामुळे झाला. मी तो कधी दुरुस्त केला नाही.

आता घरात तिघांना ठाऊक होतं आणि एकीला नव्हतं. खरं सांगून मोकळा होईन असं मला वाटलं होतं. झालं उलटंच. आधी मी एकटा खोटं बोलत होतो, आता तिघे मिळून बोलत होतो, आणि तिघांचं एकमेकांवर लक्ष असे. मी गेलो की आई ताटात वाढता वाढता विचारी, अजून किती शिकायचं राहिलंय? मी म्हणे, थोडं. वडील पाणी प्यायला उठून जात. दादूस आतून मोठ्याने सूत मागे.

तिकडे मी सहायक सर्जन झालो. माझ्या नावाची पाटी दारावर लागली. साहेबांची दृष्टी उतरत चालली होती आणि बारीक काम ते माझ्यावर सोडू लागले. नव्या मुलांना पट्टी कशी धरायची ते मी शिकवू लागलो. हात हलला की मीही नुसता थांबे. लोक म्हणत, साहेबांच्या पश्चात विभाग हाच बघणार. ते ऐकताना मला कुणीतरी बाहेरून कडी लावत असल्यासारखं वाटे.

दादूस पडल्यापासून अकरा वर्षं जगला. त्याच्या पाठीला कधी एक जखम झाली नाही. मोठ्या हॉस्पिटलांतसुद्धा तेव्हा असं होत नसे. शेवटी त्याच्या किडन्या गेल्या. मी त्याला मुंबईला नेऊ म्हणालो, तो नको म्हणाला. दिवाळीनंतरच्या आठवड्यात, सकाळी, आई त्याला वळवत असताना तो गेला. तिला आधी कळलंच नाही. तिने त्याच्या पाठीला पावडर लावली, चादर सरळ केली आणि मग त्याच्या तोंडाकडे पाहिलं.

तेराव्यानंतर मी निघायची तयारी करत होतो. आई दाराशी बसली होती. ती माझी बॅग बघत म्हणाली, "आता तुला तिकडं काय काम हाय?"

तिने ते रागाने म्हटलं नव्हतं. तिला खरंच वाटत होतं की मी तिथे फक्त दादूससाठी होतो, आणि आता ते संपलं. तिचं चुकत नव्हतं. मी बॅग खाली ठेवली आणि साहेबांना तार केली की महिनाभर रजेवर आहे.

ते दिवस मला नीट आठवतात. पहिल्याच सकाळी शेजारची म्हातारी खोकला घेऊन आली, मग एक बाई कान फुटलेलं मूल घेऊन आली. मी ओट्यावर चटई टाकून बसू लागलो. उरणहून औषधं आणली. पायाला मिठाने पडलेल्या भेगा धुतल्या, गळवं फोडली, एक आडवं आलेलं बाळंतपण केलं. वडील मिठागरावरून येताना दोन-तीन पेशंट बरोबर घेऊनच येत. मी बाजारामागची ती जागा पुन्हा बघून आलो. तिथे आता सुक्या मासळीचं दुकान होतं, पण शेजारची रिकामी होती. मालकाशी बोलणंही झालं.

एकोणिसाव्या दिवशी सकाळी करंज्याचे चार कोळी एका माणसाला झोळीत घालून घेऊन आले. होडीचं शीड फिरवताना आडवा वासा त्याच्या कानशिलावर बसला होता. तो लगेच उठला होता, चहा प्यायला होता, काही झालं नाही म्हणाला होता. मग दोन तासांनी त्याला झोप यायला लागली. मी त्याच्या पापण्या उघडल्या. उजव्या डोळ्याची बाहुली डावीपेक्षा मोठी झाली होती.

आत रक्त साठत होतं, आणि कुठे साठतंय ते बोट ठेवून सांगता आलं असतं. कवटीला एक भोक पाडून ते बाहेर काढलं की माणूस वाचतो. ते मी कितीतरी वेळा केलं होतं. पण माझ्यापाशी ना गिरमीट होतं, ना दिवा, ना रक्त, ना भूल देणारा. ओट्यावर चटई होती आणि खोकल्याच्या बाटल्या.

आईला म्हणालो, संध्याकाळी येतो. टांगा केला, मोऱ्याला अकराची लाँच सुटत होती ती थांबवली. त्याला पुढच्या बाजूला आडवा निजवला आणि मी त्याच्या डोक्याशी बसलो. दर थोड्या वेळाने पापणी उघडून बघत होतो. भाऊच्या धक्क्याला पोचलो तेव्हा बाहुली उजेडाला हलेनाशी झाली होती आणि श्वास घरघरत होता. टॅक्सीतून थेट थिएटरला नेलं. डोकं भादरायलाही वेळ नव्हता, मी कात्रीने केस कापले, चिरा दिला आणि गिरमीट फिरवलं. काळी, जेलीसारखी गुठळी भोकातून बाहेर आली. आतल्या फुटलेल्या नसेला टाका घातला. बाहुली आकसून पूर्वीसारखी झाली. थोड्या वेळाने त्या माणसाने हात हलवून नळी ओढायचा प्रयत्न केला, तेव्हा सिस्टर हसली.

मी हात धुवत होतो. साहेब आत आले. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, जखम जवळून पाहिली, मान हलवली. माझ्या भावाबद्दल दोन शब्द बोलले, आणि मग खिशातून दुसऱ्या दिवशीच्या ऑपरेशनांची यादी काढून माझ्या ओल्या हातात दिली. पहिला पेशंट सकाळी आठचा होता, एक शाळामास्तर, मेंदूच्या मागच्या बाजूला गाठ. साहेबांच्या डोळ्यांना आता ते जमण्यासारखं नव्हतं, हे त्यांनाही ठाऊक होतं आणि मलाही.

माझ्या रजेचे अकरा दिवस शिल्लक होते. त्याबद्दल त्यांनी काही विचारलं नाही, आणि मी हात पुसून यादी खिशात ठेवली.